शेगडी, सासूबाई आणि चकचकीत नळी

शेगडी कशी पेटवावी, हे मला कुणी शिकवू नये! घरात लाकडावरची लोखंडी शेगडी बसवली, तिच्या धुरासाठी छतातून बाहेर जाणारी स्टीलची चकचकीत नळी जोडली आणि वर तापमान मोजायची बंदूकही आणली. घोडा दाबला की लाल ठिपका पडतो आणि आकडा झळकतो! नळी दीडशे-दोनशेवर असली की जळण झकास. त्याखाली काजळी धरते, त्यावर सगळी उष्णता आकाशाला दान!

त्या दिवशी परीक्षाच होती. सासूबाई दुखरे गुडघे घेऊन आल्या होत्या. हिवाळाभर राहायचं की नाही, ते ठरवणार होत्या. बायको शाळेत विज्ञान शिकवते. निघताना दारातून बजावून गेली, "आईला थंडी वाजता कामा नये. ती राहायलाच हवी!"

"तू निर्धास्त जा!"

ठिपका नळीवर धरला. एकतीस! दोन ओंडके सारले. तेहेतीस! हवेची झडप सताड उघडली, आणखी ओंडके कोंबले. चौतीस! ही शेगडी की फ्रीज?

"जावईबापू, छान ऊब आलीय हो," सासूबाई म्हणाल्या.

"छे! भास आहे तो. आकडा बघा!"

लाकूड ओलं असेल म्हणून धूर बघायला बाहेर धावलो. धूर औषधालाही नाही! म्हणजे जळण उत्तम. मग आकडा का चढेना? आत येऊन मोजलं, बाहेर जाऊन पाहिलं, पुन्हा आत. जिवाला चैन म्हणून नाही! दार उघडलं की सासूबाईंच्या अंगावर बर्फाळ झोत, लावलं की भट्टी. आधी त्यांची शाल उतरली, मग स्वेटर, मग मोजे.

"खिडकी उघडू का जराशी?"

"भलतंच काय! अडतीस! अजून चाळीससुद्धा नाही!"

फडताळातली मेणबत्ती कमरेत वाकली. भिंतीचा रंग पापडासारखा फुगला. मी आणखी एक ओंडका उचलला, तेवढ्यात बायको आली.

"बाई गं! आणि आई कुठंय?"

"बाथरूममध्ये. तिथली फरशी गार आहे म्हणे."

तिने आधी झडप लावली, खिडक्या उघडल्या आणि बंदूक हिसकावून शेगडीच्या काळ्या दारावर रोखली. चारशे तीस!

"मग नळी अडतीस कशी?" मी ओरडलो.

"अहो, ती आरशासारखी चकचकीत आहे! तिच्यावर ठिपका धरलात की ही बंदूक नळीसमोर जे असेल त्याचीच उष्णता मोजते."

"समोर काय होतं?"

तिने बंदूक माझ्याच कपाळावर रोखली. अडतीस! सकाळपासून तळमळून मी माझंच तापमान मोजत होतो!

सासूबाई बाहेर आल्या त्या पिशवी भरूनच.

"आई, गुडघे?" बायकोने रडवेल्या आवाजात विचारलं.

"गुडघे बरे आहेत. डोकं दुखतंय. उन्हाळ्यात येईन गं. तेव्हा बंद असतं ना?"

"बंदच असते शेगडी!" मी पुढे होऊन म्हणालो.

"शेगडीचं नव्हे हो, जावईबापू. तुमचं मोजणं!"