तरसशेठचं धुराडं आणि पिठीचा फोटो

एका जंगलात, म्हणजे ज्याला पूर्वी जंगल म्हणायचे आणि आता औद्योगिक पट्टा म्हणतात त्यात, एक तरस राहायचा. तरस म्हणजे काय ते ठाऊक नसेल तर घरी विचारा. मी सगळंच सांगत बसणार नाही.

या तरसाला सगळे तरसशेठ म्हणायचे, कारण त्याचा कारखाना होता. हाडं भट्टीत जाळायची आणि राखेचं दंतमंजन करायचं. सिंहमहाराज रोज सकाळी तेच लावायचे. महाराजांचे दात असे चमकायचे की दरबारात पुढच्या रांगेतले डोळे मिटून बसत. तेवढीच डुलकी.

भट्टीला उंच धुराडं होतं. त्यातून काळा धूर निघायचा आणि समोरच्या उंबरावर जाऊन बसायचा. उंबरावर खारी राहायच्या. खारीच्या पाठीवर पट्टे असतात ना, पोरांनो? त्या खारींचे दिसत नसत.

तिथं ठकूबाई नावाची खार होती. तिची लेक पिठी. रंगानं उजळ जन्मली म्हणून पिठी. आठ दिवसांत नाव खोटं पडलं. पोरगी दिवसभर उड्या मारायची, सागरगोटे खेळायची, खी खी हसायची. हसता हसता खोकायची. खोकला फार झाला की फांदीला धरून गप बसायची. गेल्या हिवाळ्यात शेजारच्या ढोलीतलं एक पोर असंच खोकत खोकत गेलं. तेव्हापासून ठकूबाईच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता. तिचं मागणं एकच. हे धुराडं टेकडीपलीकडं न्या.

ती पिठीला घेऊन दरबारात गेली. कोल्हा दिवाण होता.

"पोर खोकतं म्हणतेस? खोकून दाखवू दे."

सांगितल्यावर पोरं कधी काही करतात का? तुम्ही करता? पिठी दरबारातली मोरपिसं मोजत बसली. एकदाही खोकली नाही.

"हे बघ ठकूबाई," कोल्हा म्हणाला, "धूर तिकडं निघतो. पोर इकडं खोकतं. दोघांचा संबंध काय? दोन्ही एकत्र दाखव. तोंडी चालायचं नाही."

आता आली का पंचाईत. पण त्याच आठवड्यात शहराच्या तळ्यावरून एक बगळा आला. पांढराफेक. गळ्यात कॅमेरा. मान एवढी लांब की कॅमेरा गुडघ्यावर आपटायचा. तो गरिबांच्या पोरांचे फोटो काढायचा आणि शहरात नेऊन दाखवायचा. ते बघून शहरातले रडायचे, मग घरी जाऊन जेवायचे.

"साहेब," ठकूबाई म्हणाली, "माझ्या पोरीचा काढा. धुराड्यासकट."

"अवश्य, मावशी. उद्या सकाळी."

त्या जंगलात फोटो म्हणजे एकतर बारशाला, नाहीतर लग्नाला. फोटो म्हटला की पोराला आंघोळ, तेल, पावडर आणि गालाला तीट. हे कुणी ठरवलेलं नव्हतं, सगळीकडं असंच असतं. ओढ्याचं पाणी काळं, म्हणून आयांनी प्यायला राखलेलं झऱ्याचं पाणी काढलं. उंबराखाली नुसती घासाघीस. साळिंदराच्या बाईनं तर काटे टोचून घेत पोराला पावडर थापली. सकाळी बगळा आला तर पोरं रांगेत उभी. अशी चकचकीत की एखाद्या बिस्किटाच्या जाहिरातीत खपावीत.

बगळ्याचं तोंड उतरलं.

"धुराचा त्रास यांनाच होतो?"

"होतो की."

"दिसत नाही."

"आंघोळ घातलीय ना."

"घातली कशाला?"

"अहो, फोटो काढायचाय ना!"

बगळ्यानं कपाळावर पंख मारला. मग कारखान्याच्या भिंतीवरची काजळी खरवडून आणली आणि पिठीच्या तोंडाला फासली.

"साहेब, दोन घागरी पाणी गेलंय हो!"

"मावशी, हे सत्य आहे."

"सत्य काल होतं. ते मी धुतलं."

बगळ्यानं ऐकलं नाही. पिठीला तर गंमतच वाटली. आई रोज पुसते ते हा पाहुणा लावतो, म्हणून ती हसायला लागली.

"हसू नकोस बाळा."

झालं. हसू नकोस म्हटल्यावर ती जी सुटली, ती पोट धरून.

"काहीतरी दुःखाचं आठव. आईची आठवण येते का?"

"आई ही काय, इथं उभीय."

शेवटी बगळ्यानं तिच्या हातातला सागरगोटा हळूच काढून घेतला. पिठीचा ओठ थरथरला. डोळ्यांत पाणी आलं. खटक! सागरगोटा त्यानं लगेच परत दिला, ते खोटं कशाला सांगू? बगळा काही वाईट नव्हता. त्याला फक्त फोटो चांगला हवा होता.

"साहेब, मागचं धुराडं आलं ना?" ठकूबाईनं तीन वेळा विचारलं.

"सगळं आलंय, मावशी."

शहरात प्रदर्शन भरलं. फोटोचं नाव ठेवलं 'काजळीतलं कमळ'. खारीच्या पोरीला कमळ. याला शिक्षण म्हणतात. पहिलं बक्षीस मिळालं. द्यायला कोण? तरसशेठ. तो फोटोपुढं उभा राहून ढसाढसा रडला. "बिचारी! कुठल्या जंगलातली म्हणायची?"

दरबाराची तारीख आली. बगळा शब्दाला पक्का. साक्षीला आला, फोटोही घेऊन आला. ठकूबाईनं बघितला. पिठीचा चेहरा, दोन थेंब, बस्स. मागं काहीच नाही.

"धुराडं कुठंय?"

"ते कापलं. नजर सारखी तिकडंच जायची."

"अहो, तिकडंच जायला पाहिजे होती!"

"मावशी, कलेचं तुम्हाला नाही कळायचं."

"मग कळणाऱ्याकडं खोकला पाठवते. कापलेला तुकडा कुठंय?"

तो नेमका पिशवीच्या तळाशी निघाला. ठकूबाईनं हिसकावलाच.

कोल्ह्यानं आधी चेहऱ्याचा तुकडा हातात घेतला आणि पिठीला विचारलं, "काय गं, का रडत होतीस?"

"यांनी माझा सागरगोटा घेतला."

"आणि तोंडाला काळं?"

"यांनीच लावलं."

दरबार खो खो हसला. बगळा एका पायावरून दुसऱ्या पायावर गेला.

"महाराज, रडणं राहू द्या," ठकूबाई ओरडली. "हा दुसरा तुकडा बघा. धूर बघा!"

कोल्ह्यानं दोन्ही तुकडे लांब लांब धरले. "यात पोर आहे, धूर नाही. यात धूर आहे, पोर नाही. संबंध सिद्ध होत नाही."

ठकूबाई उडी मारून मेजावर चढली. दोन तुकडे शेजारी ठेवले. कडेला कड बरोबर बसली. पिठीच्या डोक्यामागं धुराडं उभं राहिलं आणि धूर सरळ तिच्या अंगावर येताना दिसला. दरबारात कुणी हसलं नाही.

कोल्ह्यानं नाक खाली नेलं. सांध्यावरून नख फिरवलं.

"महाराज, हा फोटो जोडलेला आहे."

"अहो, कापला म्हणून जोडला!"

"म्हणजे जोडला हे कबूल. बनावट पुरावा, महाराज."

निकाल लागला. दोन्ही तुकडे दोन वेगळ्या गुहांत ठेवायचे, परत कुणी जोडू नयेत म्हणून. पोरीला रोज आंघोळ घालायची, अशी ठकूबाईला ताकीद. बगळ्याला शाल.

तेवढ्यात वारा फिरला. धूर दरबारात शिरला. पिठी खोकायला लागली. मग बगळा खोकला, कोल्हा खोकला. मग महाराजांना अशी ढास लागली की आयाळ गदागदा हलली आणि चमकदार दातांवर काजळीचा थर बसला.

"बघा महाराज, बघा!" ठकूबाई टाळ्या पिटायला लागली. "आता तरी हलवा!"

"हलवा!" महाराज खोकत म्हणाले. "आत्ताच्या आत्ता हलवा!"

हुकूम तो हुकूम. संध्याकाळच्या आत हलवलं. सिंहासन, मोरपिसं, दोन्ही गुहांतली दप्तरं, सगळा दरबार टेकडीपलीकडं गेला. तिकडं हवा फार छान आहे म्हणतात. ठकूबाई पिठीला पाठीवर घेऊन मागोमाग गेली तर वेशीवर लांडग्यानं अडवलं. "बाई, आत खोकायला बंदी आहे."

तात्पर्य: फोटो काढायला कुणी आलं की शहाण्या मुलांनी धुराड्याला घट्ट मिठी मारून उभं राहावं, म्हणजे पुढं कुणाला वेगळं कापता येत नाही. हात भाजले तर भाजले. कलेसाठी एवढं करायलाच हवं.