खिडकीतून चढायची मोटार

हिराजीनाना आपल्या मोटारीत खिडकीतून शिरतात. आधी डोकं, मग पोट, आणि मग मिनिटभर नुसते दोन पाय बाहेर. वेसाव्याच्या आमच्या गल्लीत नवखा माणूस आला की मदतीला धावतो. आम्ही त्याला आवरतो.

दारं आहेत, चांगली चार आहेत. पण नाना जन्मभर मासेमारीच्या होडीवर तांडेल होते. पावसाळ्याआधी होडीच्या फटी बुजवायच्या, हे त्यांच्या हाडात भिनलेलं. मोटार आणली त्याच वर्षी त्यांनी दारांच्या फटींत डांबर भरलं आणि वरून निळा-तांबडा ऑइलपेंट फासला. "पानी घुसलं तर होरी बुरंल ना," म्हणाले. गल्लीत उभी मोटार कशात बुडणार, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

होडी विकल्यावर जोगेश्वरीच्या भंगारवाल्याकडे त्यांना ही जुनी विलायती मोटार दिसली. लाटसाहेब ऐटीत मागे बसून फिरायचे, त्यातली. गुबगुबीत चामडी सीटा, नाकावर चकचकीत जाळी आणि स्टिअरिंगमागे अस्सल लाकडाची फळी. नाना त्या लाकडावरच विरघळले. बोटांनी ठोकून पाहिलं, वासही घेतला. "बाकीच्या मोटारी निस्ता पत्रा. हिच्या पोटात लाकूर हाय." चालते का, असं मी विचारलं. "चालत नाय. पन बसलो का लाटेवर बसल्यावानी वाटते."

इंजिन केव्हाच मेलंय. बॅटरी मात्र कायम नवी, कारण भोंगा वाजला पाहिजे. रोज दुपारी नाना बाजारातून मासळी घेतात, बर्फाच्या डब्यात भरतात आणि डबा मांडीवर घेऊन मोटारीत बसून राहतात. चहाच्या वेळेला दोन लांबलचक भोंगे. त्यापायी माझ्या दुपारच्या झोपेची पार वाट लागलीय. पहिला भोंगा झाला की मी खिडकी धाडकन लावून घ्यायचो.

मध्यंतरी कांदिवलीहून दरेकर नावाचे एक शौकीन गृहस्थ आले. जुन्या गाड्या जमवतात. ऑइलपेंट पाहून त्यांचा चेहरा सुतकी झाला. आत डोकं घातलं, तर त्या खानदानी चामड्याला बोंबलाचा वास. तरीही त्यांना ती हवीच होती. कागदपत्रं नानांच्या मुलाच्या नावावर, आणि मुलगा दुबईला. त्याने फोनवरच होकार दिला. गल्ली मोकळी होणार म्हणून आम्ही सगळेच खूश झालो.

गाडी न्यायला टोइंगवाला आला, साखळी लागली, पण नाना आतून हलेनात. दरेकर अदबीने विनवत होते. मीही खाली उतरून चार शब्द सुनावायच्या तयारीत होतो. नानांनी कुणाकडे न बघता दोन भोंगे दिले.

समोरच्या माडीवरून नानांच्या बायकोचा, यमुनानानीचा आवाज आला. ती सुनेला सांगत होती, "होरी लागली गो. चाय ठेव."

नाना खिडकीतून वाकून माझ्या कानाशी आले. "होरी इकली ते तिला आठवत नाय. सांज झाली का किनाऱ्यावर जाऊन बसायची. मी घरात असलो तरी माजीच वाट बघायची. जेवायची नाय." शेजारी उभ्या दरेकरांनीही ते ऐकलं.

नानी कमरेवर पाटी घेऊन खाली आली. उशीर का केला म्हणून तिने नवऱ्याला झापलं. नानांनी डबा बाहेर दिला. तिने मासळी पाटीत ओतली, निरखली, आणि तिचा चेहरा खुलला. मग तिचं लक्ष दरेकरांकडे गेलं.

"ह्यो कोन?"

नाना म्हणाले, "नवा खलाशी."

बंदराला लागल्यावर खलाशाला त्याचा वाटा द्यायचा असतो, हे नानी विसरलेली नव्हती. तिने पाटीतलं सगळ्यात मोठं पापलेट उचललं आणि दरेकरांच्या हातावर ठेवलं.

"हा तुझा वाटा. उद्या टायमावर ये."

इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टावर बर्फाचं पाणी ओघळत होतं. दरेकरांनी ते पापलेट दोन्ही हातांनी धरलं आणि टोइंगवाल्याला साखळी काढायला सांगितली. मग खिडकीशी वाकून त्यांनी नानांना विचारलं, उद्या किती वाजता येऊ.