चौदा इंचांचा जनादेश

इंदुरात अन्नपूर्णा मंदिरामागच्या वसुंधरा विहार कॉलनीत एका मंगळवारी सकाळी गतिरोधकाचं लोकार्पण झालं. गतिरोधक चौदा इंच उंच होता. रहिवासी संघाला खरं तर चार इंच हवे होते, पण ठराव टाइप होताना चाराच्या आधी एक कुठून येऊन बसला हे कोणालाच सांगता आलं नाही. आणि ठराव एकमतानं मंजूर झालेला असल्यामुळे तो कोणी वाचण्याचा प्रश्नच नव्हता. मिस्त्रीनं एकदा भीत भीत विचारलं होतं. त्याला ठरावाची प्रत दाखवण्यात आली.

संघाचे अध्यक्ष गोपीनाथजी यांनी फीत कापली आणि पहिला मान म्हणून स्वतःची स्कूटर वर घातली. स्कूटर मधोमध टेकली. पुढचं चाकही हवेत, मागचंही हवेत. "गतीला रोध झालेला आहे," असं त्यांनी वर बसल्याबसल्याच जाहीर केलं. टाळ्या वाजल्या.

समोरच्या घराच्या गॅलरीतून स्पृहा हे बघत होती. वय चोवीस. तुकोगंजातल्या एका दातांच्या दवाखान्यात फोनवर लोकांना वेळा द्यायच्या आणि दोन दाढांच्या मधल्या वेळात मीम बनवायचे, असा तिचा दिवस जायचा. पण हा विषय तिला हसण्याचा वाटला नाही, कारण तिच्या बाबांची, नंदूकाकांची, कंबर आधीच कुरकुरत होती. त्या आठवड्यात त्यांनी गतिरोधक तीनदा ओलांडला आणि चौथ्या दिवशी ते अंथरुणाला खिळले.

स्पृहानं संघाकडे अर्ज दिला. 'विषय उंचीचा असल्यामुळे वरच्या पातळीवर पाठवण्यात आला आहे,' असं उत्तर आलं. वरची पातळी म्हणजे गोपीनाथजींच्या घराचा पहिला मजला. दुसऱ्या अर्जाला उत्तरच आलं नाही. तेव्हा तिनं गतिरोधकाचा फोटो काढला, वर लिहिलं, 'उन्हाळ्यात बाहेर कशाला जाता? इंदूरला हिल स्टेशन आलंय, भिया,' आणि इन्स्टाग्रामवर टाकून दिला.

संध्याकाळपर्यंत चाळीस हजार लोक हसले.

दुसऱ्या दिवशी गोपीनाथजी घरी आले. स्पृहाच्या आईनं, मंजुषाबाईंनी, घाबरून पोह्यांवर दुप्पट शेव घातली.

"बेटा, तू संघाची बदनामी केली," गोपीनाथजी शांतपणे म्हणाले. "फार उत्तम केली. सकाळपासून सात लोकं बघायला येऊन गेली. आजवर आपली कॉलनी कुरियरवाल्यालासुद्धा सापडत नव्हती."

"काका, ती लोकं आपल्यावर हसायला आली होती."

"तो क्या हुआ? आली ना."

पुढच्या पंधरवड्यात गतिरोधकाला दोन्ही बाजूंनी पायऱ्या झाल्या. 'शिखरावर एका वेळी दोनच व्यक्तींनी थांबावे' अशी पाटी लागली. लोक चढून फोटो काढत, उतरून पोहे खात. स्कूटरी मात्र कॉलनीबाहेर उभ्या राहू लागल्या, आणि त्याबद्दल संघानं वाहनमुक्त परिसर म्हणून स्वतःचं अभिनंदन करून घेतलं.

तेवढ्यात संघाची निवडणूक आली. विरोधी पॅनलचे परेश भिया म्हणाले, हे यश मुळात त्यांचंच आहे, कारण ठराव त्यांनीच टाइप केला होता. निवडून दिलं तर उंची अठरा इंच करू, असं त्यांनी वचन दिलं. गोपीनाथजींनी त्याच संध्याकाळी चोवीस इंच आणि वर झेंडा जाहीर केला.

स्पृहानंही अर्ज भरला. तिचं वचन एकच होतं: चार इंच.

प्रचारसभेत ती उभी राहिली तेव्हाच लोकांनी मोबाइल वर धरले. "रस्ता जाण्यासाठी असतो," ती म्हणाली. लोक हसले. "माझे बाबा महिनाभर पडून आहेत," ती म्हणाली. लोक डोळे पुसपुसून हसले. "क्या टाइमिंग है पोरीचं," मागून कोणीतरी म्हणालं. सभा संपल्यावर प्रत्येकानं तिचा हात हातात घेऊन सांगितलं, की आपलं मत तुलाच.

मतदानाच्या दिवशी नंदूकाकांना खुर्चीत बसवून चौघांनी गतिरोधकावरून पलीकडे नेलं. एकूण मतं पडली एकशे चौऱ्याऐंशी. गोपीनाथजींना शहाण्णव, परेश भियांना पंच्याऐंशी, स्पृहाला तीन.

एक तिचं स्वतःचं. एक आईचं, कारण आईनं देवाची शपथ घेतली.

"म्हणजे तिसरं तुमचं ना, बाबा?"

नंदूकाकांनी कूस बदलायचा प्रयत्न केला. कंबरेनं साथ दिली नाही. "हे बघ स्पृहा, सगळी कॉलनी तुझ्यावर खूश. म्हटलं तू तर निवडून येऊनच राहिली. गोपीनाथजींच्या पदरात निदान एक तरी मत पडावं, शेजारी आहेत. अन् खरं सांगू? हसवणारं माणूस फोनमध्ये बरं असतं. कारभाराला जरा सीरियस माणूस लागतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी स्पृहा कामाला निघाली, तर गोपीनाथजी दुधाची पिशवी घेऊन गतिरोधकावर उभे होते. एक हात कंबरेवर. उतरायला कोणी मिळतंय का ते बघत होते. तिनं हात दिला.

"तुझं ते तिसरं मत," उतरता उतरता ते हळूच म्हणाले, "माझं होतं. मेरी भी कमर गई, बेटा. रोज जाते."

स्पृहानं त्यांचा हात धरूनच ठेवला. "मग आता अध्यक्ष तुम्हीच आहात, काका. करा ना कमी."

"आता कशी करू?" गोपीनाथजी खरोखरच दुखावले. "लोकांनी मला उंचीसाठी निवडून दिलंय. लोकशाहीत माझ्या कंबरेला काय किंमत?" दोन पावलं जाऊन ते पुन्हा वळले. "अन् नवीन फोटो टाक. चोवीस इंचाचं काम सोमवारी सुरू होतंय."

तिनं फोटो टाकला. दवाखान्यात पोचेपर्यंत नऊ हजार लोक हसून झाले होते. ती नावं वाचत गेली. कॉलनीतलं जवळजवळ प्रत्येक घर त्यात होतं, आणि सगळ्यात आधी हसलेलं नाव नंदूकाकांचं होतं. खाली त्यांनी लिहिलंही होतं: 'अगदी खरं. याविरुद्ध कोणीतरी उभं राहिलं पाहिजे.'