पहिली ओळ वाचायची नाही

आमच्या ऑफिसातले परबसाहेब कुणालाही "कसा आहेस?" असं दोनदा विचारतात. मधे घड्याळाकडे बघत पाच सेकंद थांबतात. पहिल्या उत्तराकडे त्यांचं लक्षही नसतं. नवा माणूस गोंधळतो, लिफ्टमध्ये सापडला तर घाबरतोच.

हे खूळ सर्व्हरवरून आलंय. करी रोडच्या आमच्या ऑफिसात परब सर्व्हर सांभाळतात. सर्व्हर मंदावला, की डिस्कवर किती ताण आहे ते बघायला आयओस्टॅट नावाची कमांड असते. तिच्या पहिल्या ओळीत मशीन सुरू झाल्यापासूनची सरासरी येते. आत्ताची हालत कळते ती पाच सेकंदांनी येणाऱ्या दुसऱ्या ओळीपासून. हे मला परबांनी शिकवलं, तेही चारचौघांत.

मला रुजू होऊन आठवडा झाला होता. सगळ्यांचे स्क्रीन गोठलेले, फोन खणखणताहेत. मी कमांड मारली, आकडा बघितला आणि ऐटीत जाहीर केलं, "डिस्क निवांत आहे, सर. नेटवर्कचा प्रॉब्लेम."

परब चहाचा कप घेऊन मागे उभे होते. "पाच सेकंद थांब आणि परत विचार तिला."

विचारलं. डिस्क शंभर टक्के बिझी. सकाळी मीच लावून ठेवलेले दोन बॅकअप एकाच वेळी सुरू होऊन एकमेकांच्या उरावर बसले होते.

"पहिली ओळ वाचायची नाय रे," परब म्हणाले. "तिच्यात आजचं दुखणं दिसत नाय." त्यांनी एक बॅकअप थांबवला आणि मोठ्या साहेबांना माझं नाव काही सांगितलं नाही. तेव्हापासून मी त्यांचा भक्त.

पण त्यांना कुणी "कसे आहात?" विचारलं, की "एकदम टकाटक" म्हणून स्वारी तिसऱ्या सेकंदाला पसार.

गेल्या महिन्यात त्यांची चाळ पाडून उभारलेल्या टॉवरमध्ये त्यांना घर मिळालं, एकविसाव्या मजल्यावर. पेढे वाटून झाल्यावर आम्ही खाली टपरीवर गेलो.

"कसं वाटतंय नवीन घरात?" मी विचारलं.

"टकाटक. लिफ्ट आहे, हवा आहे."

चहा उकळता होता, ग्लास टाकून पळता येईना. मी घड्याळ बघत पाच सेकंद मोजले.

"कसं वाटतंय, सर?"

परब ग्लासात फुंकर मारत राहिले.

"हिला हवं होतं रे हे घर, बघायला राहिली नाय. आजारी होती तेव्हा रोज सकाळी विचारायचो, बरी आहेस ना? 'बरी आसय' म्हणायची. मी डबा उचलून ऑफिसला. मशिनींना दोनदा विचारत बसलो आणि तिला एकदाच."

मला फार वाईट वाटलं.

"ये ना एकदा घरी," ते म्हणाले. "दार लावलं की तिकडे माणसाचा आवाज नाय."

"येईन की, सर."

त्यांनी ग्लास खाली ठेवला. घड्याळाकडे बघितलं.

"येशील?"

"आज संध्याकाळी येतो," मी म्हटलं.