गळक्या भिंतीचे संरक्षण

बेटावरच्या दीपगृहाशेजारी रखवालदाराचे सरकारी निवासस्थान आहे आणि तिथल्या झोपायच्या खोलीची वायव्य भिंत गेली अकरा वर्षे गळते आहे. रखवालदाराने दुरुस्तीसाठी सदतीस अर्ज केले. बांधकाम खात्याने प्रत्येक अर्जाची पोच दिली, त्यामुळे खात्याने काहीच केले नाही असे कुणी म्हणू शकत नाही. दोन वर्षांपूर्वी बायकोने ओली गादी अंगणात टाकली, ट्रंक भरली आणि ती पलीकडच्या किनाऱ्यावर बहिणीकडे निघाली.

"अहो, भिंत कोरडी झाली की कळवा," ती म्हणाली. "तोवर ख्यालीखुशालीची पत्रं नकोत." तेव्हापासून रखवालदार स्वतःच्या हातचे करपलेले खातो आणि तिची आठवण आली की नवा अर्ज लिहितो.

अडतिसावा अर्ज मात्र फळला. दुरुस्ती मंजूर झाली आणि गवंडी घमेले-थापी घेऊन बोटीतून उतरला. नशीब असे खट्याळ, की त्याच बोटीतून एक वनस्पतिशास्त्रज्ञ बाईही उतरल्या. दिवसभर रानात काट्यांखेरीज काही हाती लागले नाही, म्हणून त्या प्यायला पाणी मागायला रखवालदाराच्या दारात आल्या. आत गवंडी भिंत खरवडायला लागणार, एवढ्यात बाई म्हणाल्या, "थांबा," आणि चपलांसकट पलंगावर चढल्या.

ओलीत बोटभर उंचीचे मळकट रोपटे होते. रखवालदार त्याला शेवाळ समजून अधूनमधून दाढीच्या जुन्या ब्रशाने घासून काढत असे आणि ते पुन्हा उगवत असे. बाई दीड तास भिंगाला डोळा लावून मोजमापे घेत राहिल्या. मग त्या खाली उतरल्या आणि रखवालदाराकडे वळल्या.

"काका, ही वनस्पती जगात दुसरीकडे कुठेही नाही."

"बरंय," रखवालदार म्हणाला. "म्हणजे हिच्यापायी दुसऱ्या कुणाची बायको गेली नसणार."

गवंडी आल्या बोटीने परत गेला. सहा महिन्यांनी शास्त्रीय वर्णन छापून आले. पाने समोरासमोर, लवदार. फूल एकच, पांढरट. अधिवास: निवासी इमारतीची आतली भिंत, अखंड गळती आवश्यक. सहवासी जीव: डास, कोळी आणि एक प्रौढ नर मनुष्य, एकटा. बाई प्रामाणिक होत्या, त्यांनी दिसले तेवढेच लिहिले. पण शास्त्रातले विशेषण सरकारात गेले की त्याचा नियम होतो. वनस्पती अतिदुर्मीळ ठरली, संरक्षण समिती नेमली गेली आणि तिचा आराखडा आला. गळती बुजवण्यास मनाई. रखवालदार सहवासी जीव असल्याने त्याची खोली बदलण्यासही मनाई. शिवाय तो 'एकटा' असल्याची नोंद असल्याने खोलीत आणखी कुणी राहायचे तर समितीची पूर्वपरवानगी.

अकरा वर्षे अधिवास अबाधित ठेवल्याबद्दल बांधकाम खात्याला मानपत्र मिळाले. उपअभियंत्याने भाषणात सांगितले, "आमच्यावर सदतीस वेळा दबाव आला. आम्ही डगमगलो नाही." रखवालदाराला पहिल्या रांगेत बसवले होते, त्यामुळे टाळ्या वाजवाव्या लागल्या. पुढे उन्हाळ्यात गळती मंदावली, तर खात्याची माणसे अर्ज न मागता त्याच दिवशी आली आणि छताला दोन नवी भोके पाडून गेली. एवढी तत्परता रखवालदाराने उभ्या नोकरीत पाहिली नव्हती.

शेवटी तो समितीच्या कार्यालयात जाऊन उभा राहिला. "साहेब, भिंत राहू द्या तशीच. मला स्वयंपाकघरात झोपू द्या. बायकोला मी कसंही करून समजावतो."

"आणि वनस्पतीला सहवास कोण देणार?" अधिकाऱ्याने विचारले.

"मग निदान बायकोला येण्याची परवानगी द्या. ओलीतसुद्धा राहील ती, मी विनवलं तर."

अधिकाऱ्याने जाडजूड फाइल पुढे सरकवली. "माझ्या हातात असतं तर दिली असती हो. पण लोकभावना बघा. चौदा हजार सह्या आल्यात. भिंतीला हात लावायचा नाही, खोलीत नवीन माणूस आणायचा नाही."

निवेदनाच्या माथ्यावर फुलाचा मोठा रंगीत फोटो होता. भिंत, पलंग, बादली सगळे कापून टाकलेले. मागण्या त्याखाली बारीक अक्षरात. सह्या धक्क्यावर, बाजारात, दवाखान्याच्या रांगेत, जिथे माणसे उभी सापडली तिथे घेतल्या होत्या. रखवालदार एकेक पान उलटत गेला. नवव्या पानावर त्याचे बोट थांबले. ते अक्षर त्याने झोपेतही ओळखले असते. शेऱ्याच्या रकान्यात बायकोने लिहिले होते, 'किती गोड फूल. याला कुणालाही हात लावू देऊ नका.'

त्याला रडू आले आणि तो अधिकाऱ्यासमोरच रडला. अधिकाऱ्याने सवयीने पाण्याचा पेला पुढे केला. डोळे पुसून रखवालदाराने पुढचे पान उलटले.

दहाव्या पानावर वरून तिसरी सही तुमची आहे. तुम्हाला आठवणार नाही, कारण बारीक अक्षर तुम्हीही वाचले नव्हते.