तिघांनाही सारखंच जवळ

यावर कुणाचाही विश्वास बसणार नाही, हे मी सलूनच्या खुर्चीत बसताबसताच जाहीर केलं. म्हणजे मागाहून तक्रार नको. सलूनवाल्याने गळ्याभोवती कापड बांधलं आणि म्हणाला, "बोला मामा, पण मान हलवू नका." ही दोन्ही कामं एकदम मला आजवर जमलेली नाहीत.

माणूस मोठ्या शहरात नोकरीसाठी जातो हे खरं. पण तिथे त्याने कुठे राहायचं, हे नोकरी ठरवत नाही. नातेवाईक ठरवतात.

माझा भाचा वजनकाटे तपासणाऱ्या खात्यात लागला. सोमवारी दहाला हजर व्हायचं आणि फॉर्मवर राहता पत्ता लिहायचा. पत्ता नाही तर नेमणूक रद्द. शहरात त्याची मावशी, आत्या आणि काका. तिघांचा फोनवर एकच आग्रह, "आमच्याजवळच खोली घे हो! घर आपलंच आहे." (आपल्याच घरात राहा, असं कुणाच्या तोंडून निसटलं नाही. 'जवळ' म्हणजे आजारपणात हाक ऐकू यावी, पण फोडणीचा वास जाऊ नये, इतकं अंतर.) मावशीजवळ घ्यावी तर आत्या म्हणणार, "आईकडचीच माणसं गोड!" आत्याजवळ घ्यावी तर मावशी डोळ्यांना पदर लावणार. काका काहीच म्हणणार नाहीत, आणि तेच पुढची नऊ वर्षं म्हणत राहतील.

पोरगा काट्याचा माणूस. त्याने शहराचा नकाशा पसरला, तिन्ही घरांवर टाचण्या टोचल्या आणि दोऱ्याने मोजून तिघांपासून अगदी सारख्या अंतरावरचा ठिपका काढला. ठिपका पडला एका नऊमजली इमारतीच्या लिफ्टमध्ये. शेजारचा फ्लॅट रिकामा होता, पण तो आत्याला चार पावलं जवळ. (मावशी जातीने येऊन मोजून गेली.) तेव्हा लिफ्टच घेतली.

जागा झकास. आरसा, पंखा, आपोआप लागणारं दार. सहा माणसं मावतात हे भिंतीवर लेखी. एवढी ग्वाही कुठला घरमालक देतो? शहरात शेजारी तोंड दाखवत नाहीत म्हणतात; याच्याकडे रोज सरासरी एकशे बारा जण येत, आणि एकही चहाला थांबत नसे. तळमजल्यावर दाढीला साबण लावला की सातव्यापर्यंत गाल गुळगुळीत.

सोमवारी खात्यातल्या कारकुनाने फॉर्म वाचला. "मजला कितवा?"

"किती वाजताचा सांगू?"

कारकुनाने एकही आठी न घालता 'मजला : फिरता' असं लिहून शिक्का मारला. नोकरी पक्की.

इथवर सलूनमध्ये कुणी हरकत घेतली नाही. तुम्हीही घेतलेली नाही. म्हणून मी निर्धास्तपणे शेवटाकडे वळलो, "रविवारी तिघंही जागा बघायला आले. दोनदा वर गेले, दोनदा खाली आले, आणि तिघंही खूश होऊन घरी गेले."

कात्री थांबली.

"मामा," सलूनवाला म्हणाला, "लिफ्टचं मी मानलं. पण भाचा एक, नातेवाईक तीन, आणि तिघंही खूश? अहो, थापेला काही ताळतंत्र?"