तांडेलांचं शनिवारचं मतदान

आमच्या शेजारचे विठू तांडेल दर शनिवारी दिवेलागणीला वकील, न्हावी, भटजी अशा सगळ्यांना अंगणातल्या एकाच चटईवर बसवून साऱ्या जगाच्या गाण्यांचा निकाल लावत.

जन्म बोटीवर काढून मांडवीला परतताना त्यांनी बॅटरीवर चालणारा रेडिओ आणला होता. माडाला तार बांधली की त्यावर एक परदेशी स्टेशन लागे. तिथे दर आठवड्याला पाच देशांची पाच गाणी वाजत. आवडलेल्या गाण्याचा नंबर ऐकणाऱ्यांनी कार्डावर कळवायचा. त्या गाण्यांतला एक शब्द कुणाला कळेल तर शपथ! पण तांडेल पाच करवंट्या मांडत, प्रत्येकाच्या हातावर एक सुपारी ठेवत. ज्या करवंटीत जास्त सुपाऱ्या पडतील तो नंबर मी शाळामास्तर म्हणून इंग्रजीत लिहून द्यायचा.

"अहो, आपलं कार्ड पोचेपर्यंत तिकडे निकाल लागून जातो," मी एकदा म्हटलं.

"उशिरा पोचलं म्हणून मत खोटं होतं काय, मास्तर?"

वकिलांनी एकदा गुपचूप दोन सुपाऱ्या टाकल्या. तांडेलांनी त्यांना चटईवरून उठवलं. "तुमची वकिली कोर्टात! हितं एक माणूस, एक सुपारी."

त्या वर्षी आमची दहा महिन्यांची मुलगी तापानं गेली. माझी बायको यशोदा बोलेनाशी झाली, उंबऱ्याबाहेर पाऊल टाकीना. मीही चटईवर जाणं सोडलं. तांडेलच कार्ड लिहून घ्यायला घरी येत.

एका शनिवारी ते आले आणि दारातच थांबले. "पंचाईत झाली. दोन नंबर नि चार नंबर, सुपाऱ्या सारख्याच. बाय, तू घरातनं ऐकलंस ना? तुझं मत पडल्याबिगर कार्ड जायचं नाय."

तांडेल हलेनात. बऱ्याच वेळानं आतून आवाज आला, "चार."

पुढच्या शनिवारीही बरोबरी. त्याच्या पुढच्याही. रेडिओ लागला की यशोदा आता खिडकीशी येऊन बसू लागली.

चौथ्या शनिवारी तांडेलांनी अंगणातूनच "आज पण बरोबरी!" अशी हाक दिली, तेव्हा मीच त्यांच्याकडे गेलो. माणसं पांगली होती, करवंट्या तशाच होत्या. एकीत अकरा सुपाऱ्या, दुसरीत दोन.

"ही बरोबरी?" मी विचारलं.

त्यांनी घाईघाईनं सुपाऱ्या पिशवीत ओतल्या. "आमचं पोर गेलं तवा मी बोटीवर होतो," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "बायको घरात गप बसून ऱ्हायली. तिला कोणी कायसुद्धा इचारलं नाय, मास्तर. मी येईस्तवर ती पण गेली."

मी पाया पडायला वाकलो, तर त्यांनी हातात कार्ड कोंबलं. "लिवा."

पुढच्या शनिवारी यशोदा आपणहून चटईवर जाऊन बसली. तिनं टाकलेली सुपारी करवंटीत एकटीच राहिली, तशी ती तांडेलांवर उखडली. "एवढं चांगलं गाणं आणि एकच मत? परत मोजा!"

कितीतरी महिन्यांनी मी तिचा चढलेला आवाज ऐकत होतो. आभार देवाचे मानावेत की तांडेलांचे, तेच कळेना.

तांडेल मात्र खाली मान घालून "होय गो बाय, होय" म्हणत तिसऱ्यांदा सुपाऱ्या मोजत होते.